चिमटीतले मिलिमीटर : आयसॅक लेव्हल १ चा माझा अनुभव

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. मधल्या सुट्टीत एक मुलगी डबा न उघडता मैदानाच्या कडेला बसलेली दिसली. वय १५, कुस्ती खेळते, ४९ किलोच्या गटात. विचारलं तर तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. गावातल्या एका जिमच्या यंत्रावर उभी राहिली होती, त्याची छापील चिठ्ठी. चरबी २९ टक्के. चार दिवसांनी सकाळी त्याच यंत्रावर तीच मुलगी २४ टक्के भरली. चार दिवसांत इतकी चरबी कुणाचीच उतरत नाही. ही यंत्रं अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात. पाणी किती प्यालं, सराव कधी झाला यावर आकडा हलतो. पण तिने पहिला आकडा मनावर घेतला आणि दुपारचं जेवण सोडलं. ऑगस्टमध्येच पॅरिसला विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचून १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे बाद झाली होती. तालमीतल्या सगळ्या पोरींनी ते बघितलेलं. वजनकाटा म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येत होता.

मी सांगली जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. चौदा वर्षं मुलींची उंची-वजनं घेऊन रजिस्टर भरतेय. त्या दिवशी मात्र तिला ठामपणे काही सांगता येईना. ‘यंत्र चुकतंय’ एवढं म्हणाले, पण बरोबर काय ते कुठे ठाऊक होतं?

एम.पी.एड.च्या वेळी काइनॲन्थ्रोपोमेट्री हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. ग्रीकमधले तीन शब्द जोडून झालेला : हालचाल, माणूस आणि माप. शरीराचा आकार, प्रमाण आणि घडण मोजून त्याचा हालचालीशी नि खेळाशी संबंध बघायचा, हे त्याचं काम. या मोजमापाची जगभर एकच पद्धत असावी म्हणून १९८६ साली ग्लासगोमध्ये एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिचं नाव इंटरनॅशनल सोसायटी फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ काइनॲन्थ्रोपोमेट्री, पण तिला सगळे आयसॅक म्हणतात. तिच्या प्रशिक्षणाचे चार स्तर आहेत. पहिला स्तर म्हणजे मर्यादित २१ मापं, दुसऱ्यात मापांची संख्या वाढते, तिसरा शिकवणाऱ्यांचा आणि चौथा त्यांच्याही वरच्या जाणकारांचा. पुण्यात १२ ते १५ डिसेंबर असा पहिल्या स्तराचा वर्ग होता, हे एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं.

अर्ज सोपा होता. नाव, शिक्षण, फोटो, ओळखपत्र आणि २२,००० रुपये फी. रजेचा प्रश्न अवघड निघाला. कर्तव्यरजेसाठी मी तीन पानी अर्ज केला, माहितीपत्रक जोडलं, दोन हेलपाटे घातले. ‘शासनमान्य प्रशिक्षणांच्या यादीत हे नाही’ असं उत्तर आलं. शेवटी गुरुवार ते शनिवार अशा तीन किरकोळ रजा टाकल्या. तुम्हीही शिक्षक असाल तर अर्ज महिनाभर आधी करा आणि किरकोळ रजा शिल्लक ठेवा.

वर्गात आम्ही चौदा जण. नागपूरची एक फिजिओथेरपिस्ट, फोंड्याचे पोहण्याचे एक प्रशिक्षक, तीन-चार आहारतज्ज्ञ आणि बाकी शारीरिक शिक्षणाची मुलं. वयाने मी सगळ्यांत मोठी. कपड्यांची सूचना आधीच आली होती : बिनबाह्यांचा, पाठ उघडी राहील असा टॉप आणि आखूड चड्डी. मावशीच्या घरी आदल्या रात्री मी ते कपडे घालून आरशासमोर उभी राहिले आणि परत निघून जावं असं खरोखर वाटलं. सकाळी गेल्यावर दिसलं की बायकांसाठी पडदा लावून वेगळा भाग केलाय, तिथे शिकवायला बाई आहेत, आणि दहा मिनिटांत सगळ्या जणी एकमेकींची हाडं शोधण्यात इतक्या गुंतल्या की कपड्यांचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

हाडं शोधणं हेच पहिल्या दिवसाचं काम. माप घ्यायच्या आधी अंगावर पेन्सिलीने खुणा करायच्या असतात. खांद्याच्या हाडाची बाहेरची कड, कोपराच्या खळीजवळचं हाताच्या हाडाचं वरचं टोक, या दोहोंच्या बरोबर मध्ये दंडाची खूण. पाठीवर खवाट्याचं खालचं टोक सापडवून तिथून २ सेंटिमीटर तिरकं खाली-बाहेर. बेंबीच्या उजवीकडे ५ सेंटिमीटर. सगळं उजव्या अंगाला, माणूस डावखुरा असला तरी. मला सगळ्यात छळलं ते कंबरेच्या पुढच्या खुणेने. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि काखेची पुढची कड यांना जोडणारी एक रेषा, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीवर दुसरी आडवी रेषा. दोन्ही जिथे छेदतात तिथे खूण. बोटांना हाड लागलंय असं वाटतं आणि ते हाड नसतंच.

बाईंनी मला एक प्रयोग करायला लावला. माझ्या जोडीदारणीच्या त्या खुणेवरची कातडीची घडी कॅलिपर नावाच्या चिमट्याने मोजली : १७ मिलिमीटर. खुणेपासून जेमतेम एक सेंटिमीटर खाली घेतलं : २०. तीच मुलगी, तोच चिमटा, अर्ध्या मिनिटाचं अंतर. त्या म्हणाल्या, ‘ही खूण चुकली तर तिची चरबी तीन मिलिमीटरने तुम्ही वाढवली.’

दुसरा दिवस आठ त्वचाघड्यांचा. वर्गात सगळे स्किनफोल्डच म्हणतात. दंडाच्या मागे, दंडाच्या पुढे, पाठीवर, कमरेवर दोन ठिकाणी, पोटावर, मांडीवर आणि पोटरीवर. डाव्या हाताच्या अंगठ्याने नि तर्जनीने कातडी आणि तिच्याखालची चरबी चिमटीत उचलायची, खालचा स्नायू सोडून द्यायचा. चिमटीपासून १ सेंटिमीटरवर कॅलिपरचे जबडे लावायचे. चाप पूर्ण सोडून दोन सेकंदांनी आकडा वाचायचा, कारण घडी दाबली जात राहते आणि काटा उतरत राहतो. चिमटी मात्र शेवटपर्यंत सोडायची नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या तासात माझ्या बोटांना कंप सुटला होता.

आकडा मोठ्याने सांगायचा, नोंद करणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मग लिहायचा. चूक टाळण्यासाठी हा नियम उत्तम आहे. पण माझ्या पोटाचा आकडा पडद्याआड दोनदा उच्चारला गेला तेव्हा माझे कान तापले. तेव्हाच ठरवलं की शाळेत मोजताना खोलीत मी, नोंद करणारी आणि मोजली जाणारी एवढ्याच असायच्या, आणि आकडा कुजबुजून म्हणायचा. मुलींच्या अंगाबद्दल मोठ्याने बोलणारे लोक त्यांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ असतात.

तिसऱ्या दिवशी घेर आणि हाडांच्या रुंद्या. दंड सैल आणि दंड फुगवून, कंबर, नितंब, मांडी, पोटरी. मग मनगट, कोपर आणि गुडघा. टेप शिंप्याचा चालत नाही, तो ताणला जातो. पोलादी, अरुंद आणि शून्याच्या आधी काही सेंटिमीटर कोरा भाग असलेला टेप लागतो. उंचीसुद्धा मी चौदा वर्षं चुकीची घेत होते हे त्याच दिवशी कळलं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकापुढचा उंचवटा एका आडव्या रेषेत आणायचे, डोकं हलकेच वर ओढून धरायचं, खोल श्वास घेऊन रोखायला सांगायचं आणि मग वाचायचं. दिवसभरात पाठीच्या कण्यातल्या चकत्या दबतात, संध्याकाळी उंची कमी भरते. म्हणजे सकाळी मोजलेली आणि शाळा सुटताना मोजलेली मुलगी शेजारी-शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थच नाही. माझ्या रजिस्टरात अशा किती जणी असतील!

रविवारी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा झाली. लेखी बरी गेली. प्रात्यक्षिकात हात गार पडले होते, समोरची मुलगी दचकली. (हात चोळून गरम करा. परीक्षेतही आणि एरवीही.) संध्याकाळी पास झाल्याचं कळलं, पण प्रमाणपत्र नाही. खरं काम तिथून पुढे सुरू होतं : घरी जाऊन २० माणसं मोजायची, प्रत्येकाची सगळी मापं दोनदा, आणि तक्ता भरून पाठवायचा. आम्हाला मुदत चार महिन्यांची मिळाली.

दोनदा म्हणजे लागोपाठ नाही. २१ मापांची एक फेरी पूर्ण करायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आधीचा आकडा हाताला आठवत नाही. स्किनफोल्डमध्ये दोन आकड्यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला, किंवा बाकी मापांत १ टक्क्याहून जास्त, तर तिसरी फेरी. दोन आकडे असतील तर सरासरी, तीन असतील तर मधला. या दुहेरी मापांवरून तुमची स्वतःची चूक काढतात, तिला टेम (टेक्निकल एरर ऑफ मेझरमेंट, मापनातली तांत्रिक चूक) म्हणतात. प्रत्येक माणसाच्या दोन मापांतल्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज, तिला माणसांच्या दुपटीने भागून वर्गमूळ. स्किनफोल्डला ती मापांच्या सरासरीच्या ७.५ टक्क्यांच्या आत आणि घेर, रुंदी, उंचीला १.५ टक्क्यांच्या आत आणावी लागते. या विद्येतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. दुसऱ्याच्या अंगाबद्दल बोलायच्या आधी तुमचा हात किती चुकतो ते लिहून द्यावं लागतं.

साहित्य जमवायला जानेवारी गेला. चकतीचा धातूचा कॅलिपर फार महाग, माझ्या आवाक्याबाहेर. प्लॅस्टिकचा मान्य असलेला २,९०० रुपयांना मिळाला. पोलादी टेप २,४००, डिजिटल वजनकाटा १,९००. उभं राहायला, बसायला लागणारा ४० बाय ५० बाय ३० सेंटिमीटरचा लाकडी खोका ऑनलाइन फार महाग दिसला, तो आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी १,६०० रुपयांत करून दिला. बसल्या उंचीसाठी खोक्याची उंची अचूक लागते, म्हणून टेप घेऊन मी दुकानात उभीच राहिले होते. हाडांच्या रुंदीचा लहान कॅलिपर मैत्रिणीच्या कॉलेजकडून उसना. छपाई, पेन्सिली ७०० आणि एसटीचे ९०० धरून एकूण खर्च ३२,४०० झाला. पेन्सिल साधी आयब्रोची चालते, आणि खुणा खोबरेल तेलाच्या बोळ्याने चटकन निघतात.

कागदपत्रं मात्र आधी करा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, प्रत्येक मुलीच्या पालकांचं संमतिपत्र आणि मुलीची स्वतःची सही. संमतिपत्राचा नमुना इंग्रजीत होता, तो मी मराठीत लिहून काढला. कोणती मापं, कुठे हात लागणार, कोण उपस्थित असणार, आकडे कुणाला दाखवणार, मध्येच ‘नको’ म्हणता येईल का, सगळं. अकरा जणींपैकी दोघींच्या आयांना मी घरी जाऊन चहा पीत समजावलं. एकीच्या आईने आधी स्वतःला मोजायला लावलं. तिचं माप तक्त्यात धरलं नाही, पण त्यानंतर सही लगेच मिळाली.

वीस माणसं अशी जमली : खो-खोच्या ८ मुली, कुस्तीच्या ३, सहकारी शिक्षिका ४ आणि घरचे ५. पहिल्या मुलीला एक तास वीस मिनिटं लागली. बिचारी शेवटी खोक्यावर पेंगली. विसाव्या वेळी ३५ मिनिटांवर आले. फेब्रुवारीच्या शेवटी दहावीची परीक्षा सुरू झाली, शाळेत केंद्र, मग आम्ही रविवारी सकाळी साडेसहाला क्रीडासाहित्याच्या खोलीत जमायचो. सरावाच्या आधीच मोजायचं. घामेजलेली कातडी चिमटीत ठरत नाही आणि व्यायामानंतर घेर फुगलेले असतात.

तालमीत परवानगी मागायला गेले तेव्हा वस्ताद कॅलिपर हातात फिरवून म्हणाले, ‘ह्या चिमट्यानं काय कळतंय ओ बाई? पैलवान बघूनच कळतो.’ त्यांची नजर खरंच तयार आहे, मी वाद घातला नाही. ‘तुम्हाला कळतं, पण तिला कसं कळावं?’ एवढंच म्हणाले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि हौद्याशेजारची खोली झाडून दिली.

इथे एक अडचण सांगते, जी आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. खो-खोच्या मुली काटक्यांसारख्या. दंडाची घडी ६ मिलिमीटर, दुसऱ्यांदा साडेसहा. अर्ध्या मिलिमीटरचाच फरक, पण ६ वर तो ८ टक्क्यांच्या वर जातो, आणि तिसरी फेरी घ्यावी लागते. तोच अर्धा मिलिमीटर शिक्षिकांच्या २५ च्या घडीवर २ टक्केच. उलट भरल्या अंगाची घडी नीट उचलणं अवघड, तिथे बोटांची ताकद लागते. म्हणून वीस माणसं निवडताना बारीक, मध्यम, जाड असे सगळे घ्या. मी आधी आठही खो-खोपटू मोजल्या आणि आपल्याला हे जमणारच नाही अशा समजुतीत पंधरा दिवस घालवले.

८ एप्रिलला तक्ता पाठवला. अकरा दिवसांनी उत्तर आलं : मांडीच्या पुढच्या घडीची चूक ८.९ टक्के, बाकी सगळं मर्यादेत. मी त्या रात्री जेवले नाही असं लिहिणार होते, पण जेवले, फक्त बोलले नाही कुणाशी. दुरुस्तीसाठी पंधरा दिवस वाढवून मिळाले. चूक कुठे होती ते फोनवर प्रशिक्षक बाईंनी विचारून काढलं. मुलगी खोक्याच्या अगदी कडेवर बसली पाहिजे, पाय पुढे पसरून, आणि दोन्ही हातांनी स्वतःची मांडी खालून उचलून धरली पाहिजे, म्हणजे कातडी सैल पडते. माझ्या मुली हात मांडीवर ठेवून बसत होत्या. ही घडी दुखते, म्हणून मी घाईने चाप सोडून लगेच वाचतही होते. त्यांना दुखू नये म्हणून केलेली घाई त्यांचंच माप बिघडवत होती. नोंद करणारीला ‘एक, दोन’ मोजायला लावलं, फार घट्ट मांडी असली तर घडी उचलायला तिची मदत घेतली, आणि सांगितल्याप्रमाणे पाच जणींची ती मापं पुन्हा घेतली. २ मेला पाठवलं. १७ जूनला ईमेलने प्रमाणपत्र आलं. ते चार वर्षं चालतं, पुढे नूतनीकरण.

त्या मुलीचं काय झालं ते राहिलं. ती माझ्या तक्त्यातली चौदावी. मार्चमध्ये तिचं वजन ५१.३ किलो, आठ घड्यांची बेरीज ९४ मिलिमीटर. टक्के किती, असं तिने विचारलंच. मी काढले नाहीत. घड्यांवरून टक्के काढायचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं एक सूत्र १९७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लोकांना मोजून बांधलेलं आहे. सांगलीच्या पंधरा वर्षांच्या पैलवान मुलीला ते कितपत लागू पडेल? बेरीज तिची स्वतःची आहे, ती तिच्याच जुन्या बेरजेशी ताडता येते.

१० ऑगस्ट २०२५ ला, सकाळी साडेसहालाच, तिला पुन्हा मोजलं. वजन ५२.८, दीड किलो जास्त. ती ते बघून गप्प झाली. घड्यांची बेरीज ९१.५. या बेरजेतली माझी चूक १.६ मिलिमीटर आहे, आणि एकाच माणसात खरा बदल झाला असं म्हणायला चुकीच्या साधारण पावणेतीन पट फरक लागतो, म्हणजे ४.४. अडीच मिलिमीटरचा फरक त्यात बसत नाही. चरबी कमी झाली असं मी म्हणू शकत नव्हते, वाढली असंही नाही. मांडीचा घेर मात्र ४९.६ वरून ५१ झाला होता. तिथली माझी चूक ०.३, म्हणजे हा बदल खरा. उंची ९ मिलिमीटरने वाढलेली, तीही माझ्या चुकीच्या बरीच पलीकडे. ती अजून वाढत होती. काट्यावरच्या दीड किलोत तिच्या हाडांचा आणि मांडीचा वाटा होता.

हे सगळं कागदावर मांडून वस्तादांपुढे ठेवलं. कोणता आकडा मी छातीठोक सांगतेय आणि कोणता नाही, तेही. त्यांनी वर्गमुळात रस घेतला नाही, पण मांडीचा आकडा दोनदा विचारला. मग कट्ट्यावरची वही ओढली, तिच्या नावापुढचं ४९ खोडलं आणि ५३ लिहिलं.

ती पोटरीवरच्या खुणा तेलाने पुसत होती. वर न बघता म्हणाली, ‘बाई, मग आज डबा खाऊ का?’